सालोमीबाई आणि कोंडनळीची वाट

वसईजवळच्या वटार गावच्या सालोमी तुस्कानोला बेचाळिसाव्या वर्षापर्यंत डोंगर फक्त लांबूनच ठाऊक होता. थंडीच्या दिवसांत वाडीत पाणी लावायला उभी राहिली, की केळीच्या पानांवरून पूर्वेला तुंगारेश्वराची निळी रांग दिसायची. तिकडे बघून ती एवढंच म्हणायची, "हवा सुकी आहे आज. पिकल्या केळ्यांची सुकेळी उन्हात घालायला हरकत नाही." त्यापलीकडे डोंगराशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. तिचा जन्म सपाटीवरचा, लग्नही सपाटीवरच्याच घरात झालेलं. तिच्या आयुष्यातली सगळ्यात उंच जागा म्हणजे घराचा पोटमाळा, आणि तिथेही चढायचं झालं तर ती नवऱ्याला, ऑगस्टीनला, शिडी धरायला लावायची.

गावापासून दीडेक मैलावर मुलींचं हायस्कूल होतं. तिथे सालोमी शिपाई होती. कोणी शिपाईण म्हटलं तर तिला आवडायचं नाही. "कागदावर शिपाई लिहिलंय ना? मग शिपाईच म्हणा," असं ती स्पष्ट सांगायची. घंटा देणं, पाण्याचे माठ भरणं, सूचनेची वही वर्गावर्गातून फिरवणं, पोटात दुखणाऱ्या मुलीला घरी पोचवणं, ही तिची कामं. शिक्षण चौथीपर्यंतच झालेलं. पण शाळेतल्या चारशे मुलींपैकी कोण कुठल्या गावची, कोणाची आई आजारी आहे, कोण उपाशी येते, हे तिला विचारून घ्यावं. मुली तिला सालूमावशी म्हणायच्या.

१९७७ साली शाळेत पॉलिन नावाची एक नवी शिक्षिका आली. वय पंचविशीचं, विषय भूगोल. कॉलेजात असताना ती मुंबईच्या मित्रमैत्रिणींबरोबर सह्याद्रीत पुष्कळ भटकली होती. दुसऱ्या वर्षी नववीच्या वर्गात नदीचा धडा शिकवताना तिने फळ्यावर दरीचं चित्र काढलं आणि मुलींना विचारलं, "पाण्याने कापलेला डोंगर तुमच्यातल्या किती जणींनी पाहिलाय?" एकही हात वर झाला नाही. त्या दिवशीच तिने ठरवलं, मुलींना कोंडनळी दाखवायची.

कोंडनळी म्हणजे शहापूरच्या पुढे, घाटाच्या पोटात शिरलेली एक चिंचोळी दरी. दोन्ही बाजूंना दोनशे हात उंच कातळ, मधे ओढ्याचं पात्र आणि त्या पात्रातल्या धोंड्यांवरून वर पठारावर जाणारी वाट. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात. ऊन तळाला पोचतं ते जेमतेम तासभर, भर दुपारी.

मोठ्या सिस्टरांनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, परवानगी दिली. पण पालक अडून बसले. "टीचर स्वतःच पोरसवदा. बरोबर कोणी मोठं बाईमाणूस असेल तर पाठवू." म्हणून सिस्टरांनी सालोमीला बोलावलं.

"तुम्ही जा मुलींबरोबर. डोंगराचं टीचर बघतील. तुम्ही फक्त मुली मोजायच्या. जाताना किती, येताना किती."

सालोमी "हो" म्हणाली. त्या रात्री ऑगस्टीन पोट धरून हसला. "सालू, तू डोंगरात? आणि शिडी कोण धरणार?"

डिसेंबर १९७८. एसटीची ठरवून घेतलेली गाडी पहाटे पाचला निघाली आणि भिवंडीमार्गे नऊच्या सुमारास पायथ्याच्या आंबेकोंड गावी पोचली. चोवीस मुली, पॉलिन, गणिताचे दिवाकर सर आणि सालोमी. सालोमीने लाल चौकड्याचं लुगडं काष्टा घालून घट्ट नेसलं होतं आणि पिशवीत सगळ्यांना पुरतील एवढी सुकेळी घेतली होती. वाटाड्या बरोबर नव्हता. पॉलिन तीन वर्षांपूर्वी याच वाटेने गेलेली होती, त्यामुळे तशी गरज कोणाला वाटली नाही.

दरीच्या तोंडाशी गार वारा अंगावर आला आणि मुलींची बडबड आपोआप थांबली. मग कोणीतरी "ओऽ" केलं, कातळाने ते चार वेळा परत दिलं, आणि हसण्याचा एकच कल्लोळ उठला. धोंड्यांवरून उड्या मारत, गुडघाभर पाण्यातून एकमेकींना ओढत सगळ्या पुढे निघाल्या. सालोमी शेवटी होती. चार धोंडे ओलांडल्यावर तिने चपला काढून कमरेला बांधल्या. अनवाणी पायांनी भातखाचराच्या निसरड्या बांधांवरून डोक्यावर टोपली घेऊन चाललेली बाई ती; ओला दगड पायाला लागला तसं तिला बरंच बरं वाटलं. वर मात्र तिने फारसं पाहिलं नाही.

दीड वाजता सगळी मंडळी एका मोठ्या धोंड्यापाशी येऊन थांबली. हा धोंडा वरून कधीतरी पडून दोन भिंतींच्या मधे अडकला होता आणि त्याने वाटच बंद केली होती. त्यावर चढायला एक झाडाचा बुंधा टेकवून ठेवलेला होता, पाय रोवायला त्यात खाचा पाडलेल्या. पंधरा फूट चढलं की धोंड्याचा माथा, आणि तिथून पन्नास-साठ पावलांवर पठार. वरचा उजेड स्पष्ट दिसत होता. गवताचा वाससुद्धा येत होता.

"एकेक जण," पॉलिन म्हणाली. "तीन वर्षांपूर्वी आम्ही चौदा जण ह्याच बुंध्यावरून चढलो."

रिटा नावाची एक चपळ मुलगी पुढे झालीच. सालोमी मागून वाट काढत आली आणि तिने रिटाच्या खांद्यावर हात ठेवला. "थांब बाय."

ती खाली वाकली. बुंध्याच्या बुडाशी, जिथे तो पाण्यात टेकला होता, तिथे तिने अंगठा दाबला. साल वरून कडक होती, आत अंगठा भाकरीत जावा तसा गेला. मग तिने बुंध्यावर बुक्की मारली. आवाज पोकळ आला.

"टीचर, हे लाकूड आतून गेलेलं आहे."

"वरून तर चांगलं दिसतंय."

"वरून चांगलंच दिसतं. वाडीत पानवेलीच्या मांडवाचे खांब मी वीस वर्षं बदलतेय. जमिनीलगत कुजतात. हे एखादीला पेलेल, दोघींना पेलेल. पण मोडेल तेव्हा जी वर असेल ती खाली ह्या दगडांवर येईल."

दिवाकर सर म्हणाले, "मी आधी चढून बघतो. मी चढलो तर मुलींना काय होणार?"

"सर, तुमच्यानंतर चोवीस जणी आहेत."

पॉलिनचा चेहरा लाल झाला. मुलींसमोर शाळेची शिपाई तिला अडवत होती. "सालोमीबाई, इथला निर्णय माझा आहे," ती हळू आवाजात पण धारदार बोलली.

सालोमी त्या बुंध्याला पाठ लावून, खाचांच्या समोर, खाली बसली. लुगड्याला पाणी लागत होतं. "मला मुली मोजायला पाठवलंय," ती म्हणाली. "चढायचं असेल तर माझ्या अंगावरून चढा."

मग दिवाकर सर वळले, "चला, खाली चला" म्हणाले, आणि सगळी मंडळी आल्या वाटेने उतरायला लागली. पाच-सहा मुली रडत होत्या. रिटा गाडीत सालोमीकडे पाठ करून बसली.

पुढचे दिवस वाईट गेले. बाजारात, रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात जिथेतिथे तोच विषय. जवळच्या मुलांच्या शाळेतली पोरं मुलींना चिडवायची, "तुमचा डोंगर अर्धा राहिलाय, घेऊन जा." एका मुलीचे वडील शाळेत येऊन म्हणाले, "बायकांची सहल, अशीच व्हायची." शेवटी सिस्टरांनी सालोमीला ऑफिसात बोलावलं. पॉलिनही होती, खिडकीबाहेर बघत.

"टीचरना आडवं जायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

"कोणी दिला नाही, सिस्टर. चोवीस नेल्या होत्या, चोवीस आणल्या. माझं काम तेवढंच होतं."

सिस्टरांनी तिला जायला सांगितलं. शिक्षा केली नाही, शाबासकीही दिली नाही. पॉलिन तिच्याशी घंटेच्या वेळेपुरतंही बोलेनाशी झाली.

सालोमीला चिडवणाऱ्यांचं फार लागलं नाही. तिला लागलं ते वेगळंच. रात्री अंग टाकलं की मनात यायचं, लाकूड खरंच कुजलेलं होतं, की मी घाबरले म्हणून मला कुजलेलं वाटलं? चोवीस मुलींचा आनंद मी माझ्या भीतीपायी तर नाही ना बुडवला? हा किडा दोनेक महिने डोक्यात राहिला. फेब्रुवारीत एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती पॉलिनसमोर जाऊन उभी राहिली.

"टीचर, रविवारी मला कोंडनळीला घेऊन चला. आपण दोघीच. मी चुकले असेन तर तिथेच तुमची माफी मागते, आणि सोमवारी सगळ्या शाळेसमोर मागते."

पॉलिनने हातातली पुस्तकं खाली ठेवली. मग म्हणाली, "सकाळची पहिली मिस्सा चुकेल."

"आदल्या संध्याकाळच्या मिस्सेला जाऊ."

रविवारी त्या दोघी दोन एसट्या बदलून आंबेकोंडला पोचल्या. गावाच्या टोकाला एक ठाकर बाई गवताचा भारा बांधत होती. तिचं नाव भागूबाई. वयाने सालोमीएवढीच, अंगाने काडी. पॉलिनने तिला धोंड्याजवळच्या बुंध्याचं विचारलं.

"ते लाकूड?" भागूबाई हसली. "ते दोन पावसाळे झाले सडलंय. पानी बसतं ना बुडाला. आमचं कोन बी त्याच्यावर पाय देत नाही."

"मग तुम्ही वर कशा जाता?"

"वरच्या बाजाराला जाते की दर आठवड्याला. आमची वाट बाजूनं हाय. या, दावते."

पॉलिन जागच्या जागी थांबली. रस्त्यात, भागूबाईच्या देखत, ती सालोमीला म्हणाली, "माफी मी मागायची आहे. मी मुलींना त्याच्यावर चढवलं असतं." सालोमीने पिशवीतून एक सुकेळं काढून पॉलिनच्या हातात दिलं आणि म्हणाली, "चला, ऊन व्हायच्या आत वाट बघू."

भागूबाईची वाट धोंड्याच्या अलीकडे पन्नास पावलांवर उजव्या कातळातून निघत होती. कातळाला आडवी गेलेली हातभर रुंदीची पट्टी, चाळीस फूट लांब. धरायला जुन्या लोकांनी खोदलेल्या खोबण्या. खाली तीन पुरुष खोल दरी. भागूबाई डोक्यावरच्या भाऱ्यासकट त्यावरून घरच्या ओटीवरून जावं तशी गेली. पॉलिन सावकाश पण सराईतपणे गेली. सालोमी चार पावलं गेली आणि जागीच थिजली. खाली बघवेना, पुढे जाववेना, मागे फिरता येईना. पोटमाळ्याची शिडी धरायला इथे कोणी नव्हतं.

भागूबाई भारा ठेवून परत आली आणि तिच्या शेजारी उभी राहिली. हात धरला नाही. नुसती म्हणाली, "खाली काय बगतेस? खाली तुझं काय हाय? कातळाकडं तोंड कर. पोट सैल सोड. पोट घट्ट झालं का पाय ऐकत न्हाई. आता ह्यो हात. आता त्यो पाय."

चाळीस फुटांना सालोमीला पाव तास लागला. पट्टी संपली, चार पायऱ्या चढल्या, आणि ती एकदम उघड्यावर आली. समोर पिवळ्या गवताचं पठार, वारा, आणि मागे वळून पाहिलं तर ज्या दरीतून ती आली ती दरी पायांशी चिरेसारखी दिसत होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पॉलिन घाबरून जवळ आली. "काय झालं?"

"काही नाही," सालोमी म्हणाली. "मला कोणी सांगितलंच नव्हतं, हे असं असतं म्हणून."

त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर सालोमी आणखी तीनदा कोंडनळीला गेली. दोनदा पॉलिनबरोबर, एकदा एकटी. भागूबाईकडून तिने सगळं विचारून घेतलं. कुठल्या खोबणीत साप बसतो, कोणत्या वळणावर आग्यामोहोळ लागतं आणि तिथे आवाज का करायचा नाही, कुठल्या डोहात जानेवारीपर्यंत कमरेएवढं पाणी असतं. वाडीतल्या विहिरीचा जाड काथ्याचा दोर तिने ऑगस्टीनकडून मागून घेतला. पट्टीवरून मुलींच्या हाताशी आधार राहावा म्हणून तो दोन टोकांना कसा बांधायचा, हे तिने घरी दोन माडांच्या मधे बांधून शिकून घेतलं. ऑगस्टीन आता हसत नव्हता. गाठी त्यानेच शिकवल्या.

डिसेंबर १९७९ मध्ये पुन्हा सहलीची सूचना निघाली तेव्हा पालकांनी तोंडं फिरवली. जेमतेम अकरा मुली तयार झाल्या. त्यात आता दहावीत गेलेली रिटा होती आणि माळ्याच्या घरातली मथुरा होती. मथुरा मुलखाची भित्री, पण तिची आई शाळेत येऊन म्हणाली, "जी बाई पोरींना परत आणते तिच्याबरोबर मी माझी पोर कुठेही पाठवीन." सालोमी त्या वाक्यावर कितीतरी दिवस जगली.

पट्टीपाशी आल्यावर सालोमी आधी पलीकडे गेली, दोर बांधला, परत आली आणि पट्टीच्या बरोबर मधे, जिथे ती सगळ्यात अरुंद होती, तिथे कातळाला टेकून उभी राहिली. एकेक मुलगी तिच्यापाशी यायची, तिचा आवाज ऐकायची आणि पुढे जायची. मथुरा तिथे पोचल्यावर रडायला लागली.

"मावशी, मला नाही जमणार."

"मलाही नव्हतं जमत. ह्याच पट्टीवर थिजले होते. विचार टीचरना."

"खरंच?"

"खोटं कशाला सांगू? उजवा हात वरच्या खोबणीत घाल. असा. आता पाय."

मथुरा पलीकडे गेली. शेवटी रिटा आली. सालोमीच्या जवळ येऊन ती थांबली आणि म्हणाली, "मावशी, गेल्या वर्षी मी तुमच्याशी बोलले नव्हते."

"आता पट्टीवर उभी राहून बोलू नको. वर जा, मग बोल."

अकराच्या अकरा मुली पठारावर उभ्या राहिल्या तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. त्या ओरडल्या, नाचल्या, आणि मग कोणाच्या मनात आलं कोण जाणे, त्यांनी सालोमीला मधे घेऊन फेर धरला. काष्टा घातलेली, घामाने निथळणारी सालोमी मधोमध उभी होती आणि लाजेने लाल झाली होती. उतरताना त्या लांबच्या वळशाने, गुरांच्या सोप्या वाटेने आल्या. सोमवारी शाळेत प्रार्थनेनंतर सिस्टरांनी अकरा मुलींची नावं वाचली आणि बारावं नाव सालोमी तुस्कानोचं वाचलं. घंटेची हातोडी हातात धरून ती व्हरांड्यात उभी होती. चारशे मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी पहिल्या तासाची घंटा चार मिनिटं उशिरा झाली.

त्यानंतर दरवर्षी डिसेंबरात कोंडनळी ठरलेली. अकराच्या तीस झाल्या, मग दोन गाड्या कराव्या लागल्या. पालकांना जाणाऱ्या पत्रात पूर्वी 'सोबत शाळेची शिपाई राहील' असं छापलेलं असायचं. १९८३ साली पॉलिनने ते खोडून 'मार्गदर्शक : श्रीमती सालोमी तुस्कानो' असं लिहिलं. सालोमीने ते पत्र वर्गावर्गात फिरवलं, पण स्वतः वाचलं ते माठ भरताना, एकटी असताना, तीनदा.

१९८६ च्या सहलीला ती पन्नाशीला आली होती. अठ्ठावीस मुली पट्टीपाशी पोचल्या तेव्हा पुढे मोठ्या धोंड्याजवळ आधीच नऊ-दहा तरुण मुलं अडकून बसलेली दिसली. मुंबईच्या कुठल्याशा गिर्यारोहक मंडळाची. पायांत जाड बूट, खांद्यावर रंगीत दोरांची वेटोळी. धोंडा ओला होता, दोर टाकून टाकून दमले होते आणि परत फिरायच्या बेतात होते. त्यांच्यातला एक दाढीवाला मुलगा पुढे आला.

"ह्या मुलींचा लीडर कोण आहे?" त्याने विचारलं.

तो पॉलिनकडे बघून विचारत होता. पॉलिनने हात वर करून मागे दाखवलं. अठ्ठावीस मुलींनीही माना वळवून मागे पाहिलं. मागून, कमरेला चपला बांधलेली, खांद्यावर काथ्याचा दोर घेतलेली सालोमी पात्रातल्या धोंड्यांवरून पावलं टाकत येत होती.

"काय झालं, बाबांनो?" तिने विचारलं.

तो मुलगा क्षणभर गोंधळला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली. "काकी, वर जायला दुसरी वाट आहे का?"

"आहे. पण आधी माझ्या मुली जातील, मग तुम्ही. आणि मधे कोणी फोटो काढायला थांबायचं नाही."

"नाही थांबणार."

मुली एकामागून एक पट्टीवरून गेल्या. काही जणी तर गाणं म्हणत गेल्या. त्यांच्यामागून ते तरुण गेले, भिंतीला चिकटून. त्यातला एक मधेच अडखळला तेव्हा सालोमीने त्याच्या बुटावर हात ठेवून त्याचा पाय नेमक्या जागी टेकवला. सगळे वर पोचल्यावर दाढीवाल्याने वहीत वाटेची खूण टिपून घेतली आणि विचारलं, "ही वाट कोणी शोधली?"

"आंबेकोंडच्या बायांची आहे ही. भागूबाईला जाऊन विचारा. लिहायचं असेल तर तिचं नाव लिहा." आणि ती पुढे म्हणाली, "वसईच्या मुली दर वर्षी येतात, तेही लिहा."

त्याने लिहून घेतलं. सालोमीने ते लिहिताना पाहिलं, मान हलवली, आणि पठाराच्या कडेपाशी जाऊन उभी राहिली. आता तिला खाली बघवत होतं. खाली दरी, समोर डोंगरांमागे डोंगर, आणि मागे अठ्ठावीस मुलींचा डबे उघडतानाचा गलका. कोणीतरी हाक मारली, "मावशी, या ना, तुमच्यासाठी थांबलोय."

"आले," ती म्हणाली. पण लगेच गेली नाही. आणखी थोडा वेळ, अगदी आपल्या हक्काच्या जागी उभं राहावं तशी, ती तिथेच उभी राहिली.